खोली तपासली, खर्च कोणाचा?

भाड्याने दिलेली खोली निदान किती उजेडाची, किती हवेची आणि किती भक्कम असावी, हा प्रश्न मुंबईत सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आयुक्तांचे अहवाल, विश्वस्त मंडळाची कागदपत्रे, आरोग्य खात्याची कोष्टके आणि भाडे नियंत्रणाचे कायदे क्रमाने वाचले, तर एक गोष्ट ठळक होते. या शहरात खोल्यांची तपासणी भरपूर झाली. मात्र त्या राहण्याजोग्या करण्याचा खर्च कोणी सोसायचा, याचा निकाल कधी नीट लागला नाही.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात अधिकारांची वाण नव्हती. पडायला आलेल्या बांधकामाला कलम ३५४ खाली नोटीस देता येत होती. राहण्यास अयोग्य इमारत किंवा खोली बंद करण्याचीही तरतूद होती. हे अधिकार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. आयुक्त स्नो यांचा अहवाल आणि पुढच्या वर्षी नेमलेल्या प्लेग समितीचा जनरल गॅटेकर यांचा अहवाल, दोन्हींत घरोघरच्या झडत्यांची हकिकत आहे. भिंतींना चुना फासला, जमिनीवर जंतुनाशक ओतले, उजेड यावा म्हणून छपरे उघडली. वाईट ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरे रंगवली, म्हणजे माणसाने राहण्यास अयोग्य. त्या अक्षरांनी बिऱ्हाड रस्त्यावर येई. ते पुढे कुठे जाणार, याची सोय त्या शिक्क्यात नव्हती.

१८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, बोलीभाषेत ‘ट्रस्ट’, स्थापन झाले. दाट वस्तीचे पट्टे ताब्यात घेऊन तिथे रस्ते काढायचे, असा त्याचा खाक्या. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट त्यातूनच आले. पाडकामाच्या वेगाने नव्या खोल्या मात्र उठल्या नाहीत आणि उठलेली माणसे शेजारच्याच चाळींत दाटली. १९०९ पासून ट्रस्टचे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर यांनी मग सरसकट पाडकामाऐवजी हवा-उजेडाचा हिशेब मांडला. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम गवंड्यालाही समजावा इतका सोपा होता: समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा खिडकीपुढे हवी. चाळीस फुटी भिंत असेल तर मध्ये वीस फूट. दोन चाळींमधली घरगल्ली डोळ्यांपुढे आणली की जुन्या वस्तीतली किती घरे या कसोटीवर टिकली असती, याचा अंदाज येतो.

खोलीच्या आत काय होते, हे सांगणारा सर्वांत नेमका कागद १९२२ सालचा आहे. मुंबई सरकारने कामगार स्त्रियांच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांचा अहवाल ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, सुमारे १५ फूट बाय १२ फुटांच्या खोलीत, त्यांना सहा कुटुंबे आढळली. पुरावा म्हणून त्यांनी जमिनीवरच्या चुली मोजल्या. त्या सहा होत्या. लहानथोर मिळून माणसे तीस. छताला बांबू टांगलेले. रात्री त्यांवर कपडे आणि गोणपाट टाकून प्रत्येकाने आपला हिस्सा वेगळा करायचा. सहापैकी तीन बायकांचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाचा आडोसा कुठे, असे विचारल्यावर सोबतच्या परिचारिकेने तीन फूट बाय चार फुटांचा कोपरा दाखवला. १८० चौरस फुटांत तीस माणसे म्हणजे माणशी सहा चौरस फूट.

अर्थात हा एका खोलीचा दाखला आहे, साऱ्या शहराचा नव्हे. शहराचे चित्र आरोग्य खात्याच्या आकड्यांत शोधायला हवे. पण तेही जपून. १९२१ च्या आकड्यांनुसार एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत हजार जन्मांमागे ८२८ अर्भके दगावली. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. पहिला आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. गिरणगावातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात. जन्माची नोंद गावी होई आणि परतल्यावर मूल गेले तर मृत्यू मुंबईत नोंदला जाई. त्यामुळे दर फुगतो. तरीही दोन टोकांमधले एवढे अंतर केवळ नोंदीच्या घोळाने पडलेले नाही.

त्याच दशकात सरकारने स्वतः बांधून पाहिले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सरकारच्या विकास खात्याच्या, म्हणजे बीडीडीच्या, २०७ चाळी उठल्या. सिमेंटच्या, पक्क्या. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे ठरले आणि सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या.

दरम्यान भाड्यालाही लगाम आला होता. १९१८ चा युद्धकालीन कायदा आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा यांनी भाडेकरूचे छप्पर टिकवले, हे नाकारता येणार नाही. पण १९४७ च्या कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीला बांधले आणि मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. मंडळाच्या दुरुस्तीलाही खर्चाची मर्यादा होती. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी, मग टेकू, मग नोटीस, मग संक्रमण शिबिर, हा क्रम मुंबईकराला पाठ आहे.

आज लागू असलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा कलम १४ मध्ये दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतो. त्याने टाळाटाळ केली तर निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः काम करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पागडीच्या खोलीचे भाडे महिना २०० रुपये धरले, तर ही रक्कम वर्षाला ६०० रुपये होते. तेवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. दर्जा ठरवणारा आणि तपासणारा कायदा मुंबईला १८८८ पासून आहे. त्याचा खर्च भागवणारा कायदा अजून व्हायचा आहे.