नाताळ, केक आणि एक खून : ‘कोझी मिस्ट्री’ नावाची उबदार रहस्यकथा असते तरी काय?

नाताळच्या आदल्या दिवशीची दुपार. इंग्लंडमध्ये कुठेतरी एक रेल्वेगाडी बर्फात अडकलीये. डब्यातले काही प्रवासी कंटाळून खाली उतरतात आणि चालतच जवळचं स्टेशन गाठायचं ठरवतात. वाट चुकते, बर्फ वाढत जातो आणि शेवटी समोर एक घर दिसतं. दाराला कुलूप नाही. आत शेकोटी पेटलेली आहे, चहाचं सगळं सामान मांडून ठेवलेलं आहे, किटलीत पाणी उकळतंय. पण घरात माणूस मात्र एकही नाही.

पुढे काय झालं असेल, असा प्रश्न पडला ना? मग तुम्ही या लेखाच्या विषयात आधीच शिरला आहात.

ही सुरुवात आहे जे. जेफरसन फार्जन या लेखकाच्या ‘मिस्ट्री इन व्हाइट’ या कादंबरीची. ती आली १९३७ साली आणि नंतर विस्मृतीत गेली. मग २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने तिची नवी आवृत्ती काढली. मुखपृष्ठावर जुन्या रेल्वे पोस्टरसारखं देखणं चित्र होतं. त्या वर्षीच्या नाताळात हे ७७ वर्षं जुनं पुस्तक ब्रिटनमध्ये धडाक्यात विकलं गेलं. नव्या लेखकांची नवी पुस्तकं दुकानात असताना लोक ही जुनी गोष्ट घरी नेत होते.

दर डिसेंबरमध्ये असं काहीतरी घडतं. सणासुदीच्या दिवसात लोक आवडीने खुनाच्या गोष्टी वाचतात. का? समजून घेऊया.

कोझी मिस्ट्री म्हणजे नेमकं काय?

‘कोझी’ म्हणजे उबदार, आरामशीर. ब्रिटनमध्ये चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर जी लोकरीची टोपी घालतात, तिलाही ‘टी कोझी’च म्हणतात. या कथांचा स्वभाव त्या टोपीसारखाच आहे.

साधारण ओळख अशी :

- खून होतो, पण बहुतेक वेळा पडद्यामागे. रक्ताची आणि हिंसेची बारीकसारीक वर्णनं नसतात.
- शोध घेणारी व्यक्ती बहुतेकदा पोलिसातली नसते. बेकरी चालवणारी बाई, ग्रंथपाल, निवृत्त शिक्षिका, शेजारच्या आजी, कुणीही असू शकतं.
- जागा छोटी असते. एखादं गाव, एखादा वाडा, एखादं हॉटेल. सगळे एकमेकांना ओळखतात आणि म्हणूनच सगळ्यांवर संशय घेता येतो.
- वाचकासमोर सगळे धागेदोरे ठेवलेले असतात. तुम्हीही डोकं लढवायचं.
- शेवटी गुन्हेगार सापडतो आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही या घराण्याची आजी. पण ‘कोझी’ हे लेबल रुळलं ते बरंच नंतर. १९८४ ते १९९६ या काळात अमेरिकेत ‘मर्डर, शी रोट’ ही मालिका तुफान चालली. मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या काल्पनिक छोट्या गावात राहणारी एक लेखिका त्यात खुनांचा छडा लावते. एवढ्याशा गावात इतके खून होतात तरी कसे, यावर आजही विनोद होतात. १९८९ पासून अमेरिकेत अशा कथांचं ‘मॅलिस डोमेस्टिक’ नावाचं संमेलन भरतं. तिथे दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचं नाव ‘अगाथा’ आणि विजेत्याला मिळते चक्क एक चहाची किटली.

पण नाताळच का?

पहिलं कारण म्हणजे नातेवाईक. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं नाताळला एका टेबलाभोवती बसतात. कुणाला इस्टेटीत वाटा हवा असतो, कुणाच्या मनात जुना अपमान ठसठसत असतो, कुणी पहिल्यांदाच बायकोला घरी घेऊन आलेलं असतं. घरातलं लग्न किंवा गणपतीत गावी जमलेलं भावकीचं गोकुळ आठवा, म्हणजे लेखकाला आयता मसाला कुठून मिळतो ते कळेल.

दुसरं कारण म्हणजे बर्फ. रस्ते बंद, फोन बंद, पोलीस येऊ शकत नाहीत. म्हणजेच बाहेरून कुणी आलेलं नाही आणि आतून कुणी गेलेलं नाही. खुनी याच खोलीत आहे!

यातली गंमत अशी की, दक्षिण इंग्लंडमध्ये नाताळला जमिनीवर पांढरीशुभ्र चादर पसरलेली क्वचितच दिसते. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या व्याख्येनुसार, २५ डिसेंबरच्या २४ तासांत बर्फाची एक भुरभुर जरी पडताना दिसली, तरी तो ‘व्हाइट ख्रिसमस’ धरला जातो. म्हणजे पुस्तकातला बर्फ आकाशातून कमी आणि लेखकाच्या गरजेतून जास्त पडतो.

तिसरं कारण म्हणजे सणाचं सामान. भेटवस्तू कागदात गुंडाळलेल्या असतात, म्हणजे लपवायला सोय. सांताक्लॉजच्या दाढीमागे कोण आहे ते कळत नाही, म्हणजे वेषांतर फुकटात. मेव्हिस डोरिएल हे या लेखिकेच्या १९३६ च्या ‘द सांता क्लॉस मर्डर’मध्ये घरचे यजमान नाताळच्या दिवशी गोळी लागून मेलेले सापडतात आणि ते पहिल्यांदा पाहतो सांताच्या वेषातला पाहुणा.

ही परंपरा आली कुठून?

ब्रिटनमध्ये नाताळच्या रात्री शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगायची जुनी पद्धत होती. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) ही मुळात भुतांचीच गोष्ट आहे. नंतर मासिकांनी नाताळचे खास अंक काढायला सुरुवात केली आणि भुतांच्या शेजारी गुप्तहेरही येऊन बसले.

यातली सगळ्यात लाडकी कथा म्हणजे आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द ॲडव्हेंचर ऑफ द ब्लू कार्बंकल’. ती ‘स्ट्रँड’ मासिकाच्या जानेवारी १८९२ च्या अंकात आली. नाताळनंतर दोन दिवसांनी वॉटसन शुभेच्छा द्यायला होम्सकडे येतो, तर होम्स एक जुनी मळकी हॅट निरखत बसलेला. रस्त्यावरच्या झटापटीत कुणाची तरी हॅट आणि मेजवानीचं हंस पक्षी मागे राहिलेलं असतं. त्या हंसाच्या पोटात सापडतो चोरीला गेलेला एक अनमोल निळा खडा. पुढची सगळी धावपळ म्हणजे लंडनच्या कडाक्याच्या थंडीत हंसाचा माग काढणं! या कथेत खून होत नाही, पण नाताळच्या हलक्याफुलक्या रहस्यकथेचा साचा इथे जवळपास तयार दिसतो.

मग आल्या अगाथा ख्रिस्ती. नाताळच्या पुडिंगवरची त्यांची पोइरोकथा आधी १९२३ मध्ये छोट्या रूपात ‘द स्केच’ या साप्ताहिकात आली आणि पुढे वाढवून १९६० मध्ये पुस्तकात. इंग्लंडमध्ये पुडिंगमध्ये चांदीचं नाणं, अंगठी, बटण अशा वस्तू घालून शिजवायची पद्धत होती. ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याचं भविष्य. ख्रिस्तींनी त्या पुडिंगमध्ये एक माणिक टाकलं आणि पोइरोच्या खोलीत एक चिठ्ठी ठेवली : पुडिंग खाऊ नकोस. लहानपणी ॲबनी हॉल या बहिणीच्या सासरच्या वाड्यात साजऱ्या केलेल्या नाताळाच्या आठवणी त्यांनी या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितल्या आहेत.

१९३८ च्या ‘हर्क्युल पोइरोज ख्रिसमस’चा किस्सा तर भारीच. ख्रिस्तींच्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे जेम्स यांची तक्रार होती की, तुझे खून हल्ली फारच सभ्य झालेत, जरा रक्तबिक्त दाखव की! म्हणून ख्रिस्तींनी ही चांगली रक्तबंबाळ गोष्ट लिहिली आणि त्यांनाच अर्पण केली. त्यामुळे नाताळचं पुस्तक म्हणून ही कादंबरी हातात घेणार असाल, तर ती ‘कोझी’पेक्षा जरा तिखट आहे, हे लक्षात ठेवा. पुढे ख्रिस्तींचं नवं पुस्तक नाताळच्या सुमारास आणणं हा प्रकाशकांचा शिरस्ताच झाला.

आपल्या दिवाळी अंकांशी याचा काय संबंध?

संबंध आहे आणि तो थेट आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठीतला हा पहिला दिवाळी अंक मानला जातो. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. म्हणजे ज्या प्रथेतून होम्सच्या नाताळकथेला वाचक मिळाले, तिचीच एक फांदी आपल्याकडे फराळाच्या ताटाशेजारी येऊन पोहोचली.

आणि रहस्य तिथेही आलंच. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुत आणि गूढ कथांना हक्काची जागा दिली. ‘धनंजय’चा दिवाळी अंक तर रहस्यकथांसाठीच ओळखला जातो. बंगालमध्ये सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कित्येक कादंबऱ्या ‘देश’च्या दुर्गापूजा विशेषांकातून आल्या. नॉर्वेत हाच मान ईस्टरला आहे. तिथे ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या घरी जाऊन गुन्हेकथा वाचतात आणि या प्रथेची सुरुवात १९२३ मधल्या एका कादंबरीच्या जाहिरातीपासून मानतात. सुट्टी, खाणं आणि रहस्य हे त्रिकूट एकट्या इंग्लंडचं नाही.

खुनाची गोष्ट वाचून बरं कसं वाटतं?

कवी डब्ल्यू. एच. ऑडेन स्वतः रहस्यकथांचे व्यसनी होते. १९४८ च्या ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात त्यांनी याचं उत्तर शोधलं. त्यांच्या मांडणीचा सारांश असा : गोष्टीतलं जग आधी निष्पाप, सुंदर असतं. खुनामुळे सगळ्यांवर संशयाची सावली पडते. गुन्हेगार सापडला की बाकीचे सगळे पुन्हा निर्दोष ठरतात, आणि वाचकालाही क्षणभर आपण निर्दोष असल्यासारखं वाटतं.

काळही बघा. या कथांचं सुवर्णयुग म्हणजे दोन महायुद्धांमधली वर्षं. लाखो तरुण मुलं युद्धात गेली होती आणि त्या मरणांना उत्तर नव्हतं. पुस्तकात मात्र एकच मरण होतं आणि त्याचं कारण, हत्यार, गुन्हेगार हे सगळं अडीचशे पानांत सापडत होतं.

मग यात खटकण्यासारखं काहीच नाही का?

आहे ना. अमेरिकन लेखक रेमंड चँडलर यांनी १९४४ मध्येच या घरंदाज खुनांची यथेच्छ टिंगल केली होती. खरी माणसं खऱ्या कारणांसाठी खून करतात, ते यात कुठे दिसतं, असा त्यांचा सूर होता.

दुसरा आक्षेप शोकाचा. माणूस मेला तरी घरातले लोक दुपारच्या चहाला वेळेवर हजर! मेलेला माणूस बहुतेकदा कंजूष, जुलमी म्हातारा असतो, म्हणजे कुणाला रडायला नको.

तिसरा मुद्दा आपल्याला जास्त जवळचा आहे. वाड्यातली ती रत्नं येतात कुठून? होम्सचा निळा खडा चीनमधला, पुडिंगमधलं माणिक पूर्वेकडच्या एका राजपुत्राचं आणि या सगळ्यांच्या आधीच्या, विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’मधला (१८६८) हिरा थेट श्रीरंगपट्टणच्या लुटीतला. गोष्टीत चोर तो, जो इंग्लंडमध्ये चोरी करतो. त्याआधी खडा तिथे कसा पोहोचला, याचा तपास फारसं कुणी करत नाही. कॉलिन्स यांनी तो थोडाफार केला, हे त्यांचं वेगळेपण.

आणि संशय आधी कुणावर जातो? ‘ब्लू कार्बंकल’मध्ये पोलीस लगेच एका प्लंबरला पकडतात, कारण पूर्वी एकदा तो शिक्षा भोगून आलेला असतो. पुरावा वरवरचा, पण माणूस गरीब. होम्सच्या धावपळीमागे खड्याइतकंच या माणसाचं आयुष्यही पणाला लागलेलं आहे. शेवटी होम्सला खरा चोर सापडतो आणि तो त्याला चक्क सोडून देतो. तुरुंगात गेला तर हा कायमचा गुन्हेगार होईल, आणि नाताळ तर क्षमेचा काळ, असं त्याचं म्हणणं. प्लंबरवरचा खटला आता टिकणार नाही, याची खात्री असल्यामुळे होम्सला हे परवडतं. हा न्याय झाला की मेहेरबानी, यावर तुम्ही मित्रांशी खुशाल वाद घाला.

आज काय चाललंय?

अमेरिकेत जोआन फ्लूक यांची नायिका हॅना स्वेन्सन बेकरी चालवते आणि खुनांचा तपासही करते. पुस्तकात मधे मधे चक्क कुकीच्या पाककृती असतात. ‘प्लम पुडिंग मर्डर’ (२००९) हे त्यातलं नाताळाचं एक. ब्रिटनमध्ये जॅनिस हॅलेट यांच्या ‘द ख्रिसमस अपील’मध्ये (२०२३) हौशी नाटकमंडळींचे ईमेल आणि मेसेज वाचत आपणच छडा लावायचा. रिचर्ड ऑसमन यांचं ‘द लास्ट डेव्हिल टू डाय’ (२०२३) नाताळच्या सुमारास सुरू होतं आणि हसवता हसवता स्मृतिभ्रंश आणि म्हातारपणातल्या प्रेमापर्यंत पोहोचतं. कोझीमध्ये शोक नसतो, या आक्षेपाला ते एक चांगलं उत्तर आहे.

सुरुवात कुठून करू?

- एक तासच आहे : ‘द ब्लू कार्बंकल’. होम्सकथा मराठीतही उपलब्ध आहेत.
- एक संध्याकाळ आहे : ख्रिस्तींची पुडिंगची पोइरोकथा.
- दोन-तीन दिवस आहेत : ‘मिस्ट्री इन व्हाइट’.
- लांबलचक कादंबरी नको : मार्टिन एडवर्ड्स यांनी संपादित केलेला ‘सायलेंट नाइट्स’ (२०१५) हा जुन्या नाताळ रहस्यकथांचा संग्रह.
- हसायचंय : ‘द ख्रिसमस अपील’.

सोबत गोव्याहून कुणी पाठवलेला दोदोल किंवा नेवऱ्या असतील तर उत्तमच. नसतील तर दिवाळीच्या उरलेल्या चकल्याही चालतील. फक्त कमेंटमध्ये खुनी कोण ते लिहू नका!