‘ओ’च्या आड दडलेलं रक्त : मुंबईतला एक शोध आणि वारशाचा हिशोब

(शहापूर, जि. भंडारा इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो राजा-महाराजांचा नाही. आपल्या अंगात वाहणाऱ्या रक्ताचा आहे. रक्तदान शिबिरात, दवाखान्यात, शाळेच्या ओळखपत्रावर गट लिहिताना एक प्रश्न हमखास निघतो. “आईचा गट हा, बापाचा तो, मग पोराचा तिसराच कसा?” विचारणारा सहज विचारतो, पण घरात हाच प्रश्न निघाला की त्याचं टोक बहुतेक वेळा बाईकडे वळतं. कुणी उघड बोलत नाही, पण नजरा बोलतात. म्हणून आज आपण दोन गोष्टी समजून घेऊ. वारशाचा नियम माणसाला सापडला कसा, आणि त्या नियमाला धक्का देणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात सापडली तेव्हा काय झालं.

सुरुवात व्हिएन्नात होते. १९००-१९०१ या काळात कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, एकाच्या लाल पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये मिसळल्या आणि पाहिलं. काही जोड्यांत काहीच होत नव्हतं, काही जोड्यांत पेशींचे पुंजके होत होते. त्यावरून त्यांनी तीन गट पाडले. त्यांनाच आपण आज ए, बी आणि ओ म्हणतो. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. त्याआधी रक्त चढवणं म्हणजे जुगार होता. कुणी वाचायचं, कुणी दगावायचं, आणि का ते कळत नव्हतं. या कामासाठी लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढचा टप्पा वारशाचा. १९१० मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी कुटुंबंच्या कुटुंबं तपासली. आईबापांपैकी कुणाकडेच ए नसेल तर मुलात ए येत नाही, बीचंही तसंच, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे रक्तगट हवापाण्याने ठरत नाही, तो घराण्यातून येतो. हेच हिर्शफेल्ड पहिल्या महायुद्धात पत्नी हाना यांच्यासह ग्रीसमधल्या सालोनिका आघाडीवर होते. तिथे देशोदेशीचे सैनिक जमले होते. या दांपत्याने त्यांचं रक्त तपासलं आणि १९१९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात भारतीय सैनिकांमध्ये बी गटाचं प्रमाण सगळ्यांत जास्त निघालं. आपल्याकडे बी गटाची माणसं एवढी का भेटतात, याची पहिली मोठी नोंद ती.

पण नेमका हिशोब बसवला तो एका गणितज्ञाने. गटिंगेनचे फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४-२५ मध्ये दाखवलं, की रक्तगटाच्या जनुकाची तीन रूपं आहेत : ए, बी आणि ओ. प्रत्येक माणसाकडे त्यांतली दोन असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. ए आणि बी दोघंही बोलके. समोरासमोर आले तर दोघंही बोलतात, म्हणून एबी गट होतो. ओ मात्र मुका. तो ए किंवा बीच्या मागे उभा असेल तर चाचणीत दिसतच नाही. दोन्हीकडून ओ आला तरच माणूस ‘ओ गटाचा’ म्हणून कळतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे या. आई ए, वडील बी आणि मुलगा ओ. हे होऊ शकतं का? अगदी सहज होऊ शकतं. आईकडे ए आणि मागे ओ, वडिलांकडे बी आणि मागे ओ. दोघांनीही मुलाला ओ दिला की मुलगा ओ. अशा जोडप्याला चारही गटांची मुलं होऊ शकतात. आई ओ आणि वडील एबी असतील तर मुलं ए किंवा बी होतील, म्हणजे पोराचा गट आईचाही नाही आणि बापाचाही नाही! तरीही सगळं नियमाप्रमाणेच. लोक ज्या ‘वेगळ्या’ गटावरून कुजबुजतात, त्यातले बहुतेक प्रसंग इथेच निकालात निघतात. आईबाप दोघंही ओ असतील तर मूल ओच होणार, आणि एबी गटाच्या माणसाचं मूल ओ होणार नाही, एवढीच काय ती ठळक बंधनं.

आणि आता आपण मुंबईला येऊ, कारण ही बंधनंसुद्धा डोळे झाकून लावायची नसतात हे जगाला तिथे कळलं.

साल १९५२. परळचं केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया ही मंडळी तिथे रक्तगटांवर काम करत होती. त्यांच्यासमोर तीन माणसांचं रक्त असं आलं, की ते कुठल्याच चौकटीत बसेना.

अडचण काय होती, तेवढी नीट समजून घ्या. गट दोन बाजूंनी तपासतात. एक, माणसाच्या लाल पेशी घेऊन त्यांवर ए-विरोधी आणि बी-विरोधी सीरम टाकायचं. दोन, माणसाचं सीरम घेऊन त्यात माहीत असलेल्या गटांच्या पेशी टाकायच्या. या तिघांच्या पेशी पहिल्या चाचणीत शांत राहिल्या. पुंजके नाहीत, म्हणजे गट ओ. पण त्यांच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकल्या, तर त्यांचेही पुंजके झाले! ओ गटाचं रक्त तर कुणालाही चालतं असं आपण ऐकत आलो. इथे कागदावर ओ असलेल्या माणसालाच ओ चालत नव्हतं. कागदावर भरवसा ठेवून ओची बाटली लावली असती, तर ती जिवावर बेतली असती.

मुंबईच्या मंडळींनी ‘चाचणी चुकली असेल’ म्हणून विषय सोडला नाही. हे काम लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या जाणकारांच्या सोबतीने पुढे गेलं, आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. पुढे या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव जगभर रूढ झालं. शहराचं नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झालं, रक्तगट मात्र अजून बॉम्बेच आहे.

मग या रक्तात होतं काय? खरं तर काय नव्हतं, तेच महत्त्वाचं. लाल पेशीवर आधी ‘एच’ नावाचा पाया तयार होतो. त्या पायावर एक साखर चढली की ए, दुसरी चढली की बी, काहीच चढलं नाही तर नुसता एच उरतो, आणि त्यालाच आपण ओ म्हणतो. बॉम्बे गटात हा पायाच नसतो. ए किंवा बीची वीट हातात असली तरी ती ठेवायची कुठे? म्हणून चाचणीत माणूस ओ दिसतो. शिवाय एच त्याच्या शरीराला परका असल्यामुळे त्याविरुद्धची प्रतिपिंडं त्याच्या सीरममध्ये असतात, आणि एच तर ओ गटाच्या पेशींवर सगळ्यांत जास्त.

वारशाचं कोडं १९५५ मध्ये अमेरिकेत सुटलं. फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी इटालियन वंशाच्या एका बाईचं कुटुंब तपासलं. बाईचा गट ओसारखा, नवऱ्याचा ए, आणि मुलगी एबी. आपला मघाचा नियम लावला तर मुलीतला बी आला कुठून? आपल्या गावात असतं तर त्या बाईवर काय वेळ आली असती, याचा विचार करा. पण तपासात निघालं ते असं : बी त्या आईकडेच होता. तिच्या पेशींवर एच नसल्यामुळे तो तिच्यात दिसत नव्हता. मुलीला वडिलांकडून एचचं चांगलं जनुक मिळालं, पाया बांधला गेला आणि आईने दिलेला बी मुलीत उघड झाला. वारशाचा नियम मोडला नव्हता, आपली चाचणी अपुरी होती.

आज आपल्याला ठाऊक आहे की एबीओचं जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे आणि एचचं १९व्या. दोन वेगळी घरं, दोन वेगळे वारसे. एचचं बिघडलेलं जनुक दोन्हीकडून आलं तरच बॉम्बे गट होतो. आईबाप दोघंही एकेक बिघडलेलं जनुक बाळगून असतील तर प्रत्येक अपत्यात ही शक्यता चारात एक. म्हणून बॉम्बे गटाच्या माणसाला रक्त लागलं, तर शोध आधी सख्ख्या भावंडांपासून सुरू करतात.

हे आपल्याकडेच का जास्त? युरोपात असा माणूस सुमारे दहा लाखांत एक, भारतात अंदाजे १० हजारांत एक. डॉ. भाटिया आणि सहकाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं हेच मोजलं, आणि मुंबईत साधारण ७,६०० लोकांत एक असं प्रमाण मांडलं. एक कारण सरळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक गोतात, मामाच्या मुलीशी लग्नं झाली की एकाच पूर्वजाचं जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. यात कुणाचा दोष नाही, कुणाचं रक्त ‘कमी’ नाही.

आपल्या भंडाऱ्याला हे गणित वेगळ्या नावाने चांगलं ठाऊक आहे : सिकलसेल. योगायोग पाहा, भारतात सिकलसेलची पहिली नोंद झाली तीही १९५२ सालीच, निलगिरीत. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ल आणि सोळंकी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला १९५८ मध्ये. तिथेही तेच : आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलात आजाराची शक्यता चारात एक. फरक एवढाच, की बॉम्बे गट हा आजार नाही. तो माणूस ठणठणीत जगतो, प्रश्न येतो रक्त लागलं तेव्हा.

थोडं कायद्याकडे वळू. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ सांगत होतं, की वैध विवाहात जन्मलेलं मूल त्या जोडप्याचंच मानायचं. १९९३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कुणी मागितली म्हणून रक्ततपासणीचा आदेश सरसकट देता येणार नाही. त्या आदेशाने मुलावर आणि आईवर काय शिक्का बसेल याचा विचार आधी करायचा. विज्ञानही तेच सांगतं. रक्तगट जुळला म्हणून बाप सिद्ध होत नाही, आणि जुळला नाही म्हणून लगेच नाकारताही येत नाही. आधी तपासणी नीट झाली का, हे बघावं लागतं.

शेवटी, श्रोत्यांतून आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन थांबतो.

पहिला : नवरा-बायकोचा गट एकच असेल तर लग्न करू नये का? बेलाशक करावं. एकच गट असण्याने मुलांना काही होत नाही. लक्ष ठेवायचं ते आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर. त्यासाठी १९६८पासून अँटी-डी इंजेक्शन उपलब्ध आहे. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते द्यायचं असतं, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. आणि आपल्या भागात लग्नाआधी तपासायचंच असेल तर पत्रिकेसोबत सिकलसेल तपासा.

दुसरा : आपला ओ हा खरा ओ आहे की बॉम्बे, कसं कळणार? नुसत्या पेशींच्या चाचणीत कळत नाही. सीरमची उलटी चाचणी ओ पेशींसह झाली, किंवा एच-विरोधी द्रव्य वापरलं, तर कळतं. रक्त देण्याआधीच्या क्रॉस मॅचिंगमध्येही ते पकडलं जातं. म्हणून ‘घाई आहे, बाटली लावा’ असा तगादा रक्तपेढीतल्या माणसाला लावू नका. त्याची ती अर्धा-पाऊण तासाची तपासणी आपल्या माणसासाठीच असते. आणि बॉम्बे गट निघालाच, तर भावंडांनाही तपासून घ्या, नाव रक्तपेढीत नोंदवा. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, आणि ते देणारा कदाचित शंभर कोसांवरचा अनोळखी माणूस असेल. त्याला शोधायला वेळ हाताशी हवा.