चांदवड ते माणिकबाग : होळकरांच्या दोन वास्तू आणि वारशाचे संरक्षण

प्रस्तावना :
नाशिकहून मुंबई-आग्रा मार्गाने निघाल्यास सुमारे ६५ किलोमीटरवर चांदवड लागते. तेथील होळकरांचा रंगमहाल अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. हाच मार्ग पुढे इंदूरला पोहोचतो. इंदूरला गेलेला अभ्यासक राजवाडा आणि लालबाग आवर्जून पाहतो. माणिकबागेकडे मात्र तो सहसा वळत नाही. वस्तुतः विसाव्या शतकातील भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात माणिकबागेचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात या दोन वास्तूंचा एकत्रित विचार केला आहे.

वास्तूची जडणघडण :
तुकोजीराव तिसरे यांनी १९२६मध्ये गादी सोडल्यानंतर यशवंतराव दुसरे (१९०८-१९६१) सत्तेवर आले. ऑक्सफर्ड येथे शिकत असताना त्यांचा परिचय जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस (१९०४-१९८९) यांच्याशी झाला. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियस यांनी माणिकबाग उभारली. कमानी, घुमट आणि नक्षी यांना फाटा देऊन त्यांनी सरळ रेषा, धातू, काच आणि वातानुकूलन यांचा अवलंब केला. इमारत, दिवे आणि आसने मिळून एकच कलाकृती व्हावी, हा त्यामागील विचार होता. रुलमान, आयलीन ग्रे आदींनी घडविलेले फर्निचर येथे आले. ल कॉर्बुझिए यांनी सहकाऱ्यांसह घडविलेले आसनही चंदीगढच्या आखणीपूर्वी सुमारे दोन दशके इंदुरात होते. शिल्पकार ब्रांकुसी यांची तीन पक्षिशिल्पे यशवंतरावांनी घेतली. त्यांच्यासाठी नियोजित ध्यानमंदिर मात्र उभे राहिले नाही.

विखुरलेला ऐवज :
१९४८मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. पुढे ब्रांकुसींची संगमरवरी शिल्पे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात गेली आणि १९८०मध्ये मोनॅको येथे फर्निचरचा लिलाव झाला. वास्तूत केंद्रीय महसूल विभागाचे कार्यालय आले. त्यामुळे भिंती वापरात राहिल्या. मूळ रचनेतील एकसंधता मात्र लोपली.

येथे चांदवडशी तुलना उद्बोधक ठरते. रंगमहालातील लाकडी कोरीव काम आणि भित्तिचित्रे यांच्या कर्त्यांची नावे इतिहासाला अज्ञात आहेत, आणि ही कला वास्तूच्या अंगातच मुरलेली आहे. याउलट माणिकबागेचे सौंदर्य बहुतांशी हलविता येण्याजोग्या वस्तूंत होते आणि प्रत्येक वस्तूला ख्यातनाम कलावंताचे नाव होते. त्या नावांनीच बाजारातील मोल वाढविले. निर्मात्यांची कीर्ती अशा रीतीने वास्तूच्या विघटनास साहाय्यभूत ठरली, असे म्हणता येईल.

कायद्याची मर्यादाही लक्षणीय आहे. १९५८चा प्राचीन स्मारकांविषयीचा आणि १९७२चा पुरावस्तूंविषयीचा, हे दोन्ही केंद्रीय कायदे सामान्यतः १०० वर्षांची अट घालतात. लिलावाच्या वेळी या वस्तू पन्नाशीच्या घरात होत्या. माणिकबागेला वयाची ही अट पूर्ण करण्यासाठी २०३३ उजाडावे लागेल.

समारोप :
वारसा म्हणून वय सिद्ध होईपर्यंत वास्तूतील वारसाच उरत नाही, हा माणिकबागेचा धडा आहे. नाशिक परिसरातही विसाव्या शतकातील वाडे, बंगले आणि शिक्षणसंस्थांच्या इमारती आहेत. त्यांची मोजमापे, नकाशे आणि आतील वस्तूंच्या याद्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आजच तयार करणे अगत्याचे आहे. इमारतीबरोबर तिच्या अंतरंगाचीही नोंद झाली, तरच पुढील संशोधकाला केवळ भिंतींवर समाधान मानावे लागणार नाही.