‘तपासले, ठीक आढळले’ : निरीक्षकाच्या सहीचा इतिहास कसा वाचायचा?

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा गाईड मॅडमना दिला होता. तो परत आला तेव्हा एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात दोनच शब्द : “कुणी पाहिलं?” वाक्य साधं होतं. ‘अपघातानंतरच्या सरकारी तपासणीतही कंपनीच्या देखभाल विभागात फारशा त्रुटी आढळल्या नाहीत.’ संदर्भ बरोबर, पान क्रमांक बरोबर. मला वाटलं, मॅडम उगाच खुसपट काढतायत. त्या दोन शब्दांनी माझे चार महिने खाल्ले. ते चार महिने कसे गेले ते आज सांगते, कारण तुमच्यापैकी जे सरकारी कागदांवर संशोधन करणार आहात त्यांना हा खड्डा लागणारच आहे.

माझा विषय आहे अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या देखभालीवर नजर ठेवणारे सरकारी सुरक्षा निरीक्षक. छोटी म्हणजे दोन-चार जणांची खाजगी विमानं आणि वीस-तीस प्रवाशांची, गावोगाव जाणारी. कुणी विचारलं की मी सांगते, “आरटीओत रिक्षाचं पासिंग होतं ना, तसं विमानाचं.” उपमा पहिल्या पाच मिनिटांपुरती बरी आहे. पासिंगला इन्स्पेक्टर निदान गाडीभोवती एक चक्कर तरी मारतो. विमानाच्या बाबतीत सरकारी माणूस हळूहळू गाडीपासूनच लांब गेला. माझा प्रबंध त्या लांब जाण्याचाच आहे.

सुरुवात १९२६ची. त्याआधी अमेरिकेत कुणीही विमान बांधावं, कुणीही उडवावं, केंद्र सरकार विचारायला येत नसे. २० मे १९२६ रोजी एअर कॉमर्स अ‍ॅक्टवर सही झाली आणि वाणिज्य खात्यात एरोनॉटिक्स ब्रँच नावाची शाखा निघाली. वैमानिकाला परवाना, मेकॅनिकला परवाना आणि विमानालाही परवाना. हा शेवटचा परवाना कायमचा नव्हता, तो ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागे. म्हणजे सरकारी निरीक्षक प्रत्यक्ष धावपट्टीवर यायचा, कापडाचं आवरण दाबून बघायचा, तारा ओढून बघायचा, इंजिनाखाली वाकायचा. त्या काळचं विमान लाकूड, कापड, तार आणि गोंद यांचं होतं. हाताला बरंच कळत असे.

बरंच, पण सगळं नाही. ३१ मार्च १९३१ रोजी ट्रान्सकॉन्टिनेन्टल अँड वेस्टर्न एअरचं एक फॉकर एफ-१०ए विमान कॅन्सस राज्यात बझार गावाजवळ कोसळलं. आठही जण गेले. त्यांत नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी होता. तो तेव्हा अमेरिकेत इतका लोकप्रिय होता की हे प्रकरण दाबणं शक्यच नव्हतं. दाबणं हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. एकेका अपघाताचं कारण जाहीर करायचं नाही, हा तोवर त्या शाखेचा रिवाज होता. रॉकनीमुळे लोकांनी उत्तर मागितलं आणि शाखेला बोलावं लागलं. मग ती बोलली, आणि पुन्हा पुन्हा वेगळं बोलली. आधी प्रोपेलर, मग बर्फ, मग पंख.

इथे जरा थांबा. तुमच्या हाती यातलं एकच निवेदन लागलं, तर तुम्ही तेच ‘सरकारचं मत’ म्हणून लिहाल. मीही तेच केलं असतं. तेव्हा प्रत्येक सरकारी निवेदनावर तारीख टाका आणि ती सगळी एका ओळीत लावा. आमच्या विभागात याला कुणी पद्धतिशास्त्र म्हणत नाही, पण उपयोग मात्र होतो.

पंखाची गोष्ट अशी होती की तो आतून लाकडाचा आणि बाहेरून प्लायवूडने बंद केलेला होता. आतले सांधे गोंदाचे. ओल धरली की सांधा सुटायचा, आणि बाहेरून पंख तुळतुळीत. सांधे बघायचे तर प्लायवूड उचकटावं लागे. आधीच्या तपासण्यांत निरीक्षक आळशी होता असं म्हणायला माझ्याकडे कुठलाही पुरावा नाही. त्याला जिथे बघता येत होतं तिथे दोष दिसण्यासारखा नव्हता. मे १९३१मध्ये त्या जातीची विमानं जमिनीवर बसवली गेली. पुढे ती आतून तपासत राहण्याचा खर्च कंपन्यांना परवडेना. लाकडी पंखांच्या प्रवासी विमानांवरचा विश्वास उडाला आणि धातूच्या विमानांना जोर आला.

मग विमानंच इतकी वाढली की प्रत्येकाभोवती चक्कर मारायला सरकारकडे माणसं उरली नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर खाजगी विमानांचा पूर आला आणि वार्षिक तपासणीचा अधिकार टप्प्याटप्प्याने बाहेरच्या, सरकारमान्य मेकॅनिकांकडे गेला. आजचा नियम साधारण असा : खाजगी विमानाची वर्षातून एकदा पूर्ण तपासणी, आणि भाड्याने चालत असेल तर शिवाय दर १०० उड्डाण-तासांनी एक. वार्षिक तपासणीवर सही करतो तो खास अधिकार मिळालेला मेकॅनिक. सरकारी निरीक्षक त्या मेकॅनिकवर, त्याच्या वर्कशॉपवर आणि त्याच्या नोंदींवर नजर ठेवतो. आपल्याकडेही १९३७च्या विमान नियमांच्या चौकटीत परवानाधारक देखभाल अभियंताच सही करतो आणि डीजीसीएचे अधिकारी त्या व्यवस्थेवर लक्ष ठेवतात. म्हणजे निरीक्षकाचा हात विमानावरून उठला आणि रजिस्टरवर आला.

संशोधकाला याचा थेट फटका बसतो. अमेरिकेत विमानाचं लॉगबुक मालकाकडे असतं, सरकारकडे नाही. मोठी दुरुस्ती किंवा मोठा फेरफार झाला तर ‘फॉर्म ३३७’ भरून त्याची प्रत ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी दप्तरात जाते. रोजची कामं जात नाहीत. घट्ट केलेला नट, बदललेली नळी, काढून परत बसवलेला पत्रा यांचा तिथे मागमूस नसतो. पहिल्या वर्षी मी ‘दप्तरात नाही म्हणजे झालं नाही’ असं धरून एक अख्खा तक्ता बनवला होता. तो आता फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये आहे आणि तिथेच राहील.

आता त्या लाल रेघेकडे येऊ. ११ सप्टेंबर १९९१. कॉन्टिनेन्टल एक्स्प्रेसची फ्लाइट २५७४, लरेडोहून ह्यूस्टनला येणारं एम्ब्रायर-१२० जातीचं छोटं विमान. टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ हवेतच मोडलं, १४ जण गेले. आदल्या रात्री ह्यूस्टनच्या हँगरमध्ये शेपटीच्या आडव्या पंखांवरचे बर्फ फोडणारे रबरी पट्टे बदलायचं काम चालू होतं. त्यासाठी पंखाची पुढची कड सोडवावी लागते. दुसऱ्या पाळीने दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढले. पाळी बदलली. तिसऱ्या पाळीने उजवी बाजू पुरी केली आणि वेळ पुरणार नाही म्हणून डावीला हात लावला नाही. डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू निघालेले आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. शेपूट ‘टी’ आकाराची आणि उंच, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला वरची बाजू दिसत नाही. सकाळी विमान लरेडोला जाऊन पोचलंदेखील. परतीच्या वाटेवर ती कड निघाली.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो एका कागदावर. दुसऱ्या पाळीतला एक निरीक्षक (हा कंपनीचा, गुणवत्ता तपासणारा, सरकारी नव्हे) मदत म्हणून स्वतः वर चढला होता आणि स्क्रू काढण्यात त्याचाही हात होता. ज्याने दुसऱ्याचं काम तपासायचं तोच कामात उतरला. त्याने पाळी सोपवण्याच्या फॉर्मवर नोंद केलीही. पण तिसऱ्या पाळीचा निरीक्षक लवकर आला होता आणि नोंद होण्याआधीच तो फॉर्म वाचून गेला होता. त्याने वाचलं तेव्हा या विमानापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मेकॅनिकांच्या जॉब कार्डावर अर्धवट कामाची नोंद झाली नाही. जे सांगायचं ते तोंडी, आणि ते योग्य माणसापर्यंत गेलं नाही.

विचार करा, तो फॉर्म उद्या तुमच्या हाती पडला तर तुम्हाला नोंद असलेला फॉर्म दिसेल. तुम्ही लिहाल, ‘पुढच्या पाळीला लेखी कल्पना दिली होती.’ कागद अस्सल, नोंद खरी, आणि वाक्य साफ चूक. नोंद कधी झाली आणि वाचणाऱ्याने कधी वाचली, हे त्या कागदावर नाही. ते नंतरच्या जबाबांतून कळतं. फॉर्म एकटा वाचून चालत नाही तो यासाठी.

आणि सरकार? अपघातानंतर एफएएचं राष्ट्रीय तपासणी पथक कंपनीत गेलं. त्यांना फारच थोड्या त्रुटी सापडल्या, उलट कंपनीच्या अंतर्गत मूल्यमापन पद्धतीचं त्यांनी कौतुक केलं. हेच माझं वाक्य. १४ माणसं मेल्यावर गेलेल्या पथकाला हे दिसलं! मी ते कंपनीच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं होतं. प्रत्यक्षात तो निरीक्षणाच्या पद्धतीविरुद्धचा पुरावा आहे. चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने १९९२च्या अहवालात एफएएची देखरेख अपुरी पडल्याचं सहायक कारणांमध्ये नोंदवलं. पाळी कशी बदलते, तोंडी काय सांगितलं जातं, घाईत कुठली पायरी गळते, हे नोंदी नीट लावलेल्या फायलीत दिसत नाही.

अहवाल वाचताना पहिल्या खेपेस मी निष्कर्षांपाशीच थांबले होते. तुम्ही थांबू नका. मंडळाच्या बहुमताने मुख्य दोष देखभाल आणि तपासणी करणाऱ्या माणसांवर ठेवला. व्यवस्थापनाचं नाव सहायक कारणांत गेलं. जॉन लॉबर या सदस्याने हे मान्य केलं नाही. त्याने वेगळं टिपण जोडलं : कार्यपद्धती पाळली जाईल असं वातावरण व्यवस्थापनाने तयार केलं नाही हेच पहिलं कारण, माणसांच्या चुका त्यातून आल्या. पुढे विमान देखभालीतल्या मानवी चुकांवर लिहिणाऱ्यांनी बहुमतापेक्षा त्या टिपणाचाच आधार जास्त घेतला, असं माझं वाचन आहे.

खर्ड्यातलं ते वाक्य आता असं आहे : ‘अपघातानंतर आलेल्या पथकाने नोंदी आणि पद्धती तपासल्या व फारशा त्रुटी नोंदवल्या नाहीत, १० सप्टेंबरच्या रात्री हँगरमध्ये जे घडलं ते या प्रकारच्या तपासणीच्या कक्षेत येत नव्हतं.’ मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. ‘कक्षेत’ या शब्दावर मात्र एक छोटा गोल केलाय. सोमवारी भेटायला बोलावलंय.