भातुकलीच्या भांड्यांतून निघालेली आगगाडी

भातुकली आपण सगळ्याच खेळलो. बोटभर चूल, चिमुकली कढई, सुपारीएवढी घागर, आणि चुरमुऱ्यांचा भात. मोठं झाल्यावर आपण तिला पोरीबाळींचा खेळ म्हणतो आणि माळ्यावर टाकतो. पण अशाच भातुकलीच्या भांड्यांतून एक कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्याने पुढे १९७२ साली त्या काळी बाजारात मिळणारी सगळ्यात छोटी विजेची आगगाडी काढली. आज आम्ही त्या कारखान्याचा आणि त्या गाडीचा इतिहास सांगणार आहोत. त्यात एक बाई आहे. तिच्यासाठीच आम्ही हा विषय निवडला.

गोष्ट जर्मनीतली आहे. तिथे दक्षिण भागात, स्टुटगार्ट शहरापासून फार लांब नाही, असं ग्योपिंगेन नावाचं गाव आहे. थिओडोर मेर्कलिन हा तिथला पत्र्याचं काम करणारा कारागीर. १८५९ साली त्याने पत्र्याची खेळणी करायला सुरुवात केली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. खेळणी कोणती, तर बाहुलीच्या स्वयंपाकघरातली भांडी आणि सामान. पत्रा कापायचा, ठोकायचा, झाळायचा आणि वर रंगाचा हात द्यायचा. बायको कॅरोलीन. नवरा माल करायचा आणि विकायला ती जायची. दक्षिण जर्मनी आणि शेजारचा स्वित्झर्लंड, एवढ्या मुलखात ती नमुने घेऊन दुकानं धरायची. आज आपल्यातली एखादी तालुक्याच्या दुकानदाराकडे मसाल्याची पाकिटं घेऊन जाते, तेव्हासुद्धा चार जण विचारतात, “मालक नाही आले?” कॅरोलीन मेर्कलिन दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हे करत होती.

१८६६ साली थिओडोर अपघाताने गेला. मुलं लहान होती. धंदा सुरू होऊन जेमतेम सात वर्षं झालेली. अशा वेळी कर्जदार दाराशी येतात, नातेवाईक शहाणपण सांगतात आणि हत्यारं विकून टाकायचा सल्ला मिळतो. हे आपल्या गावांनी खूपदा पाहिलं आहे. कॅरोलीनने कारखाना बंद पडू दिला नाही. १८८८ साली मुलांनी कारभार हातात घेतला, तोपर्यंत तो टिकला होता. मधली वर्षं मोजा. बावीस!

मुलांनी कारभार घेतला आणि बोर्डावर नाव आलं ‘मेर्कलिन बंधू’. पाटीवर बंधू आले, आई आली नाही. मुलं कर्तबगार होती यात शंका नाही, ते आता सांगतोच. पण आमच्या गटांच्या बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा एक काकू पटकन म्हणाल्या, “आमच्याही पापडाच्या पाकिटावर दिराचंच नाव आहे.” त्यावर हशा झाला आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या महिन्याच्या इतिवृत्तात आम्ही एक ओळ लिहून घेतली: परवाना, बँक खातं आणि पाकीट, तिन्हीवर कुणाचं नाव आहे ते प्रत्येकीने बघून यावं.

आता मुलांची अक्कल. १८९१ साली लायपझिगच्या वसंत ऋतूतल्या व्यापारी जत्रेत मेर्कलिन बंधूंनी किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. रूळ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळवले होते. खेळण्यातली आगगाडी त्याआधीही होती, त्यांनी नवं काय केलं? त्यांनी रुळांची मापं ठरवून त्यांना क्रमांक दिले. आज घेतलेल्या इंजिनाला पुढच्या वर्षी घेतलेला डबा जोडता येईल आणि त्याच मापाचे रूळ पुढेही लावता येतील, अशी सोय झाली. पहिली पेटी घरात आली की पुढच्या नाताळला दोन डबे, वाढदिवसाला एक स्टेशन, नंतर पूल, मग सिग्नल. गिऱ्हाईक एकदा आलं की वर्षानुवर्षं येत राहतं.

ही युक्ती त्यांना सुचली कुठून? भातुकलीतून. बाहुलीचं घर एकदम भरत नाही. आधी चूल येते, मग तवा, मग कपाट. दरवर्षी मुलगी काहीतरी नवं मागते, आणि या घराण्याने आईच्या काळापासून तोच माल विकला होता. मुलींच्या खेळातला हिशोब त्यांनी मुलग्यांच्या खेळाला लावला. आम्हाला विचाराल तर या कारखान्याच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, विजेची मोटर नंतरची.

पुढे गाड्या लहान लहान होत गेल्या. सुरुवातीच्या मोठ्या मापात दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर होतं, म्हणजे चांगलं तीन बोटं. एवढ्या गाडीला वळायला अख्खी खोली लागे. शहरातली घरं लहान, आणि मोटरही छोटी करता येऊ लागली. १९३५ साली मेर्कलिनने टेबलावर मावणारं १६.५ मिलिमीटरचं माप आणलं. खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग, असं ते आज ओळखलं जातं. १९६० नंतर न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने ९ मिलिमीटरवर आणलं. १९७२ साली न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत मेर्कलिनने साडेसहा मिलिमीटरची गाडी ठेवली. हेल्मुट किलियन या त्यांच्या माणसाने ती घडवली होती. या मापाला नाव दिलं ‘झेड’. याहून लहान कुणी करणार नाही, म्हणून अक्षरमालेतलं शेवटचं अक्षर. (जपानच्या एका कंपनीने २००६ साली टोकियोत तीन मिलिमीटरची गाडी दाखवली. ती इतकी हलकी की रुळावर पकड राहावी म्हणून चाकांत लोहचुंबकाचा उपयोग करतात.)

झेड माप म्हणजे खऱ्याचा २२० वा भाग. हे डोळ्यांपुढे यावं म्हणून आम्ही घरच्या वस्तूंनी मोजून पाहिलं. पाच फूट उंचीची बाई या मापात सात मिलिमीटरची होते, म्हणजे तांदळाच्या लांब दाण्याएवढी. आपल्या पॅसेंजरचा जुन्या पद्धतीचा डबा जेमतेम दहा सेंटिमीटरचा. एक किलोमीटरचा लोहमार्ग साडेचार मीटरचा, म्हणजे पाच वार कापड. आणि सगळ्यात अरुंद वळणाचा पूर्ण गोल २९ सेंटिमीटरचा, कणीक मळायच्या परातीत बसेल. म्हणूनच लोक अख्खी मांडणी बॅगेत बसवतात. झाकण उघडलं की आत डोंगर, स्टेशन, धावती गाडी. झाकण लावलं की एसटीत मांडीवर घेऊन प्रदर्शनाला निघा.

एवढीशी गाडी टिकते का, असं वाटेल. १९७८ साली या मापाचं एक इंजिन सहा डबे ओढत १,२१९ तास न थांबता धावलं आणि ७२० किलोमीटर गेलं. त्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकात आहे.

आता मांडणी कशी करतात, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे काम आपल्या हाताला ओळखीचं आहे. दिवाळीत अंगणात मुलांनी केलेला किल्ला आठवा. दगडविटांवर पोतं, त्यावर चिखल, वर आळीव पेरून हिरवळ. इथेही तसंच, फक्त चिखलाच्या जागी हलका फोम आणि प्लॅस्टर. आधी पाटा सपाट हवा. मग रूळ. रूळ टाकले की डोंगर करायची घाई करायची नाही, आधी गाडी तासन्‌तास फिरवून बघायची. सांध्यावर नख अडकलं तर चाकही अडकणार. सगळं जमल्यावर रुळांखाली बारीक चाळलेली वाळू पसरून पातळ केलेल्या डिंकाचे थेंब सोडतात. झाडांना वाळलेल्या वनस्पतींचे तुरे, घरांना पुठ्ठा. रंग फिका ठेवतात, कारण लांबून बघताना खरा डोंगर कधी भडक दिसत नाही.

गोल रुळावरची गाडी चक्करच मारणार. बघणाऱ्याला ते कळू नये म्हणून वळण डोंगराआड घेतात. गाडी बोगद्यात शिरते, मांडणारा मागे तिला थोडं थांबवतो आणि मग ती दुसऱ्या बाजूने निघते. तेवढ्या वेळात आपल्याला वाटतं की गाडी लांब कुठे जाऊन आली.

सगळ्यात मोठी शत्रू धूळ. वीज रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटरमध्ये जाते, तीही आठ-दहा व्होल्टच. मधे धुळीचा कण किंवा तेलाचा डाग आला की इंजिन जागच्या जागी उभं. डोक्याचा एक केस आसाला गुंडाळला गेला तरी खेळ खलास. म्हणून प्रदर्शनात रोज सकाळी लोक येण्याआधी रूळ आणि चाकं पुसतात, आणि दोन-तीन इंजिनं आळीपाळीने चालवतात, म्हणजे एक तापलं की त्याला विसावा. मांडणी नजरेच्या उंचीला ठेवतात. वरून पाहिलं की खेळणं दिसतं, समोरून पाहिलं की गाव दिसतं. स्टॉल लावणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी हे करून बघायला हरकत नाही: बरण्या जमिनीवरच्या सतरंजीवर न मांडता छातीच्या उंचीला मांडून बघा.

कारखान्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २००९ साली, म्हणजे बरोबर दीडशेव्या वर्षी, मेर्कलिन कंपनी दिवाळखोरीत गेली. बँकांनी कर्जाची मुदत वाढवून दिली नाही. तेव्हा कंपनी मेर्कलिन घराण्याच्या हातात राहिलेली नव्हती. कंपनी बुडाली मात्र नाही. गाड्या निघत राहिल्या, आणि २०१३ मध्ये दुसऱ्या एका जर्मन खेळण्यांच्या उद्योगाने ती विकत घेतली. ग्योपिंगेनमध्ये आजही काम चालतं.

एवढ्या लांब जाता येत नसेल तर पुण्याला जाता येतं. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत अनेक गाड्या तिथे एका नगरात धावतात, आणि मधेच दिवे मालवून त्या नगराची रात्र करतात. माप मात्र झेडचं नाही, ८७ व्या भागाचं, म्हणून तिथली माणसं तांदळाहून मोठी, पावणेदोन सेंटिमीटरची. गटाची सहल पुण्याला जाणार असेल तर आधी वेळ विचारून घ्या. मुलांना पुढे उभं करा, आणि म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन गेलात तर त्यांच्या चष्म्याची काच घरूनच पुसून न्या.