हक्काची घरे : पुण्यातील कचरावेचक स्त्रियांच्या सहकारी सफाई व्यवसायाची जडणघडण

प्रास्ताविक

व्यवसायांचा इतिहास लिहिताना भांडवल, बाजारपेठ आणि उद्योजक या तीन घटकांचे अस्तित्व सामान्यतः गृहीत धरले जाते. सफाईच्या व्यवसायाला मात्र ही चौकट सहजासहजी लागू पडत नाही. भारतीय नगरांत सफाई हे दीर्घकाळ जातीने नेमून दिलेले काम होते. ते करणारा माणूस उद्योजक म्हणून कधी गणला गेला नाही आणि अनेकदा कामगार म्हणूनही नाही. या पार्श्वभूमीवर पुणे शहरात १९९० नंतर कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा जो व्यवसाय उभारला, त्याच्या जडणघडणीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या स्त्रिया आपल्या व्यवसायाच्या मालक झाल्या, की महापालिकेचे काम अल्प खर्चात करून देणाऱ्या सेवेकरी ठरल्या, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

परंपरागत हक्काची दोन रूपे

घराघरातून फिरून सफाई करणे आणि त्याचा मोबदला घरमालकाकडून घेणे ही पद्धत नवी नाही. महापालिका अस्तित्वात येण्यापूर्वी अनेक शहरांत विशिष्ट कुटुंबांकडे विशिष्ट घरे असत. त्या घरांवरील सफाईचा हक्क वंशपरंपरेने चाले, गहाण पडे, विकलाही जाई. मुंबईत नगरपालिकेने हे काम हळूहळू आपल्या ताब्यात घेतले, आणि १८८८ च्या महानगरपालिका कायद्यात 'हलालखोर कर' या नावाची स्वतंत्र आकारणीच आली. घरमालक पूर्वी जे थेट सफाईवाल्याला देत असे, ते आता करापोटी पालिकेला देऊ लागला आणि सफाईवाला पालिकेचा नोकर झाला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करणारी समिती नेमली. पुढे केंद्र सरकारने प्रा. ना. र. मलकानी यांच्या अध्यक्षतेखाली १९५७ मध्ये एक आणि १९६५ मध्ये खास परंपरागत हक्कांच्या प्रश्नावर दुसरी समिती नेमली. या दुसऱ्या समितीची भूमिका हा हक्क संपुष्टात आणावा अशी होती. तिची कारणे रास्त होती, कारण हा हक्क माणसाला मैल्याच्या टोपलीशी बांधून ठेवत असे. तथापि, एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्यांच्याजवळ दुसरे काहीच नव्हते, त्यांच्याजवळ 'आपली घरे' एवढी एकच मिळकत होती. बंधन आणि भांडवल एकाच वस्तूत असण्याचे असे उदाहरण आर्थिक इतिहासात विरळाच.

रस्त्यावरून दारापर्यंत

पुण्यातील कचरावेचक स्त्रिया या जुन्या सफाई जमातींतील नव्हत्या, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्यांतील बहुसंख्य मातंग, बौद्ध व इतर अनुसूचित जातींतील होत्या. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा आणि आसपासच्या भागांतून शहरात आलेल्या कुटुंबांचे प्रमाण त्यांत मोठे होते. त्यांना कोणी नेमले नव्हते, म्हणून कोणी काढूनही टाकू शकत नव्हते. कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचायचे, पोत्यात भरून भंगारवाल्याकडे न्यायचे आणि तो देईल तो भाव घ्यायचा, असा हा व्यवहार होता. मालकी कुणाचीच नसलेल्या वस्तूवर त्यांची उपजीविका चाले.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे केंद्रातील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण या प्राध्यापिका त्यात अग्रेसर होत्या. साक्षरतेच्या वर्गापासून निघालेले हे काम लवकरच कचऱ्यापाशी आले. घरातच ओला व सुका कचरा वेगळा करून तो थेट वेचणाऱ्या बाईच्या हाती मिळाला, तर कुंडीत उतरण्याची गरज उरणार नाही आणि मालही स्वच्छ राहून त्याला भाव बरा येईल, हा विचार साधा होता. काही वसाहतींनी तो मान्य केला.

यानंतर घडलेला प्रसंग या व्यवसायाच्या इतिहासात निर्णायक मानावा लागेल. अशाच एका वसाहतीत एका खाजगी व्यावसायिकाने वाहने आणून घरोघरचा कचरा उचलण्याची सेवा सुरू केली. रहिवाशांच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हते, किंबहुना सोयच होती. स्त्रियांचा माल मात्र एका दिवसात दुसऱ्याचा झाला. त्यांनी संघटितपणे विरोध केला आणि ती सेवा मागे घेण्यात आली. कचऱ्याला मोल आहे हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्यावर आपला हक्क सांगावा लागतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. मे १९९३ मध्ये झालेल्या कचरावेचकांच्या परिषदेला ८०० हून अधिक जण उपस्थित राहिले आणि हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना स्थापन झाली.

संघटनेने प्रथम नोकरी मागितली नाही, ओळखपत्र मागितले. १९९५-९६ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांनी त्यास मान्यता दिली. पहाटे पोते घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून अडवले जाई, तिच्या हाती प्रथमच पालिकेच्या मान्यतेचा कागद आला. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या अभ्यासाने या स्त्रियांच्या श्रमांमुळे पालिकेचा वाहतूक व विल्हेवाटीचा खर्च वाचतो, ही बाब हिशेबासह मांडली. त्या युक्तिवादाचे फळ म्हणून २००२-०३ मध्ये पालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरण्यास प्रारंभ केला.

'स्वच्छ' : सहकारी संस्थेची स्थापना

नागरी घनकचरा नियम, २००० यांनी घरोघर कचरा संकलन बंधनकारक केले. वरवर पाहता हा नियम वेचकांच्या फायद्याचा होता, परंतु त्याचा परिणाम दुहेरी होता. रस्त्यावरच्या कुंड्या उठणार म्हणजे ज्या जागी माल मिळे ती जागाच जाणार, आणि दारावरचे काम जो ठेका घेईल त्याचे होणार. त्यामुळे दारापर्यंत पोहोचणे हा आता सुधारणेचा नव्हे, टिकून राहण्याचा प्रश्न झाला. काही वर्षांच्या प्रायोगिक कामानंतर 'स्वच्छ पुणे सेवा सहकारी संस्था मर्यादित' नोंदवण्यात आली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. पुढे तिच्या सभासदांची संख्या ३,००० च्या वर गेली.

या कराराची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पालिकेने वेतन देण्याचे मान्य केले नाही. बादल्या, ढकलगाड्या, हातमोजे व गणवेश यांसारखी साधने आणि संस्थेच्या देखरेखीचा खर्च तिने उचलावयाचा होता. सभासद स्त्रीचे उत्पन्न दोन ठिकाणांहून येई : प्रत्येक घराकडून दरमहा मिळणारे शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री. हिशेबासाठी एका स्त्रीकडे २०० घरे आणि शुल्क ३० रुपये धरले, तर महिन्याचे ६,००० रुपये होतात. पण २० घरे बंद असली, १० घरांनी पैसे देण्यास नकार दिला आणि आणखी १० घरांनी 'पुढच्या महिन्यात बघू' असे सांगितले, की १,२०० रुपये तिथेच गेले. वसुलीचा हा भार तिच्यावर असतो. आजारपणात किंवा गावी जाताना बदली बाई शोधून तिला पैसे देण्याची जबाबदारीही बहुधा तिचीच. भंगाराचे दर पडले तर तोटा तिचा. लहान व्यावसायिकाची सर्व जोखीम येथे आहे. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य मात्र नाही, कारण ते कराराने बांधलेले आहे.

याच काळातील मुंबईचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त ठरते. तेथे महापालिकेने कंत्राटी सफाई कामगारांना स्वयंसेवी संस्थांचे 'स्वयंसेवक' ठरवून त्यांच्याशी मालक-कामगार संबंध नाकारला होता. कचरा वाहतूक श्रमिक संघाने तो दावा न्यायालयात खोडून काढला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. मुंबईच्या कामगारांनी 'आम्ही स्वतंत्र नाही, तुमचे नोकर आहोत' हे सिद्ध केले. पुण्याच्या स्त्रियांनी नेमका उलटा मार्ग धरला.

पुण्याच्या मार्गाला श्रमाची स्वस्त सोय म्हणून निकालात काढणे घाईचे होईल. नोकरभरतीची वेळ आली असती, तर शिक्षण व वयाच्या अटींत पन्नाशीची निरक्षर बाई बसली असती काय, याचे उत्तर अवघड नाही. शिवाय सुक्या मालावरचा हक्क नोकराला मिळत नाही, तो सहकारी संस्थेच्या सभासदाला मिळाला. पतसंस्था आणि भंगार खरेदीची स्वतःची दुकाने यांमुळे सावकार व व्यापारी यांच्यावरील अवलंबित्वही कमी झाले. असे असले तरी निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा यांचा प्रश्न 'मालक' या शब्दाने सुटत नाही. तो केवळ पालिकेच्या अंदाजपत्रकातून बाईच्या पदरात जातो.

कराराची मुदत

परंपरागत हक्काला मुदत नव्हती, कराराला ती असते. २००८ चा करार पाच वर्षांनी संपल्यावर काम तात्पुरत्या मुदतवाढीवर चालू राहिले आणि २०१६ मध्ये नवा करार झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांना संकलनाच्या व्यवस्थेत सामावून घेण्याची आणि सेवाशुल्काची स्पष्ट तरतूद आली. पुण्यात प्रत्यक्षात आलेल्या गोष्टीला देशाच्या नियमांत अशा प्रकारे स्थान मिळाले. तरीही २०२० च्या अखेरीस करार पुन्हा संपला. त्याच वर्षी कोरोनाच्या टाळेबंदीत, शहर घरात बसलेले असताना, याच स्त्रियांनी दारोदारचा कचरा उचलला होता. २०२१ च्या आरंभी त्यांच्या संस्थेला मिळाली ती अल्प मुदतीची मुदतवाढ. हे काम खाजगी ठेकेदाराकडे सोपवावे काय, याची चर्चा त्याच सुमारास शहरात सुरू झाली होती.