ब्रेकिंग रेझिस्टर

विद्युत मोटरचा वेग ड्राइव्हद्वारे (वारंवारता बदलून वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाद्वारे) कमी करताना मोटरकडून उलट येणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकणारा रोधक. लिफ्ट, क्रेन, सेंट्रिफ्यूज यांसारख्या जड किंवा वारंवार थांबणाऱ्या यंत्रांसाठी तो वापरतात.

कार्य : ड्राइव्हने वारंवारता उतरवली की जडत्वामुळे रोटर समकालिक वेगापेक्षा जलद फिरत राहतो आणि मोटर जनित्र बनते. ही ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (अंतर्गत एकदिश प्रवाहाच्या परिपथात) येते. साध्या ड्राइव्हमधील डायोड रेक्टिफायर ती पुरवठ्याकडे परत जाऊ देत नाही, त्यामुळे बसचे व्होल्टेज चढते. ४१५ व्होल्ट पुरवठ्यावर ते एरवी सुमारे ५८५ व्होल्ट असते. साधारण ७५० ते ७८० व्होल्टला ब्रेकिंग चॉपर हा ट्रान्झिस्टर स्विच रोधक बसला जोडतो. रोधक नसेल, तर सुमारे ८०० व्होल्टच्या पुढे ड्राइव्ह ट्रिप होतो.

निवड : रोध ड्राइव्हने सांगितलेल्या किमान मूल्यापेक्षा कमी नसावा, अन्यथा चॉपर जळतो. तो फार जास्त असल्यास ब्रेक अपुरा पडतो. उदा., २ किग्रॅ.-मी.२ जडत्वाचा भार १,५०० फेरे प्रतिमिनिट वेगावरून थांबवताना सुमारे २४.७ किलोजूल ऊर्जा निघते. ५ सेकंदांत एकसारख्या दराने थांबवल्यास आरंभीची शक्ती सुमारे ९.९ किलोवॅट असते. ७६० व्होल्टला ५० ओहम रोधक सुमारे ११.६ किलोवॅट शोषतो, म्हणून तो पुरतो. दर मिनिटाला एकदा थांबवल्यास सरासरी शक्ती केवळ ०.४ किलोवॅट असते. मात्र प्रत्येक वेळचा क्षणिक भार रोधकाने सोसला पाहिजे. या गणितात घर्षणाची मदत धरलेली नाही.

बसवणी : रोधक खूप तापतो, म्हणून तो शक्यतो पॅनेलबाहेर, हवा खेळती असलेल्या जागी, ज्वलनशील वस्तूंपासून दूर बसवतात. केबल आखूड, उष्णतारोधक व पिळलेली किंवा शील्डयुक्त असावी. रोधक चॉपरसाठी नेमून दिलेल्या टर्मिनलनाच जोडावा. बसच्या धन व ऋण टोकांना थेट जोडल्यास त्यातून अखंड प्रवाह वाहतो. पुरवठा बंद केल्यावरही डीसी बसवरील कॅपॅसिटर काही वेळ भारित असतात. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून आणि व्होल्टेज मोजूनच काम सुरू करावे.

नियंत्रण व संरक्षण : ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये चॉपर चालू करून रोधकाचा रोध व शक्ती भरतात. जास्त व्होल्टेज झाल्यावर थांबण्याचा काळ आपोआप लांबवणारी सोय बंद करतात, नाहीतर रोधकाचा उपयोगच होत नाही. रोधकावरील थर्मल स्विच पुरवठ्याच्या काँटॅक्टरच्या कॉइल परिपथात जोडतात. चॉपर शॉर्ट झाल्यास केवळ ड्राइव्हला थांबण्याचा आदेश देऊन भागत नाही, कारण रेक्टिफायरमधून रोधकाला वीज मिळतच राहते.

मर्यादा : रोधक थांबलेला भार धरून ठेवू शकत नाही. म्हणून लिफ्ट व क्रेनमध्ये त्याच्या जोडीला यांत्रिक ब्रेक अनिवार्य असतो. सतत मोठ्या प्रमाणात ऊर्जा परत येत असल्यास ती पुरवठ्यात सोडणारा रिजनरेटिव्ह ड्राइव्ह अधिक किफायतशीर ठरतो.